पहिल्यांदाच बॉलरूम कॉम्पिटिशनला उतरताय? मग हे वाचून घ्या

कॉम्पिटिशनचं ठरलं की बहुतेक जोड्या आधी नवीन फिगर्सच्या, म्हणजे ठरीव स्टेप्सच्या, मागे लागतात आणि मला हे अजिबात पटत नाही. जे येतंय तेवढंच घ्या पण तालात आणि नीट फ्रेम (दोघांच्या हातांची आणि वरच्या अंगाची पकड) धरून नाचा. बिगिनर गटात बऱ्याचदा सिलॅबस, म्हणजे चालणाऱ्या स्टेप्सची यादी, ठरलेला असतो, बाहेरची स्टेप घातली तर उगाच नुकसान, आणि जज बघणार तरी किती वेळ? गाणं साधारण दीड मिनिटाचं, फ्लोअरवर समजा बारा जोड्या, म्हणजे तुमच्या वाट्याला सात-आठ सेकंद. तेवढ्यात दिसतो तो ताल, पोश्चर, आणि दोघं एकत्र हलताय की नुसती ओढाताण चाललीय ते.

डान्सचे दोन गट असतात: स्टँडर्डमध्ये वॉल्ट्झ, टँगो, व्हिएनीज वॉल्ट्झ, फॉक्सट्रॉट, क्विकस्टेप, आणि लॅटिनमध्ये सांबा, चाचाचा, रुंबा, पासो डोब्ले, जाइव्ह. पहिल्या वेळी एक-दोनच डान्स घ्या.

गाणं तुम्हाला निवडता येत नाही, ऐनवेळी जे लागेल त्यावर नाचायचं, म्हणून रोज त्याच त्या गाण्यावर प्रॅक्टिस करू नका. वॉल्ट्झ मिनिटाला २८ ते ३० बार (बार म्हणजे तालाचं एक आवर्तन), क्विकस्टेप ५० ते ५२, या टेम्पोतली वेगवेगळी गाणी लावा. आणि म्युझिक सुरू झालं की लगेच सुटू नका हो! फ्रेम घ्या, श्वास घ्या, एक-दोन बार जाऊ द्या, पहिला ठोका दोघांनाही पक्का ऐकू आला की मगच पाय टाका, बाकीचे निघाले तरी निघू द्या.

दुसरी गोष्ट जी क्लासमध्ये कमी शिकवतात ती म्हणजे गर्दीत नाचणं. स्टँडर्डमध्ये सगळे घड्याळाच्या उलट्या दिशेने फिरतात, आणि कोपऱ्यात हमखास कोंडी होते. तिथे काय करायचं हे आधीच ठरवून ठेवा, एखादं हेझिटेशन (क्षणभर थांबायची स्टेप) किंवा जागेवरचं वळण पुरतं. लीडरच्या (जो नेतो त्याच्या) पाठीमागचं फॉलोअरला (जी त्याच्यासोबत जाते तिला) दिसतं, तेव्हा कुणी अंगावर येत असेल तर तिने त्याच्या दंडावरची बोटं हलकेच दाबायची. हा इशारा घरीच पक्का करा, तोंडाने सांगेपर्यंत धडक झालेली असते.

बूट स्वेडच्या (खरखरीत मऊ चामड्याच्या) तळाचे घ्या, ते घालून बाहेर फिरू नका, तारेचा ब्रश सोबत ठेवा कारण फ्लोअर गुळगुळीत असला तर तळ घासावा लागतो. कपड्यांचे नियम गटागणिक बदलतात, शिवायला टाकायच्या आधी वाचा. जोडीच्या नंबरचा कागद लीडरच्या पाठीवर लागतो, चारही कोपऱ्यांना पिना, आणि लावताना त्याला हात फ्रेममध्ये धरायला सांगा, नाहीतर नाचताना कागद ताणून फाटतो. जादा पिना ठेवाच.

त्या दिवशी लवकर पोचा, फ्लोअर रिकामा मिळाला तर एक चक्कर मारा, आणि आपला हीट (एका वेळी फ्लोअरवर उतरणारा जोड्यांचा गट) कितवा ते बघून तीन-चार हीट आधीच तयार उभे राहा.

सुरुवातीच्या राउंडमध्ये जज पहिला-दुसरा असा क्रम देत नाहीत, पुढे कोणाला बोलवायचं तेवढी खूण करतात. फायनलला साधारण सहा जोड्या, तिथे प्रत्येक जज क्रम लावतो आणि स्केटिंग सिस्टिम नावाच्या मोजणीच्या पद्धतीने बहुमत बघतात, त्यामुळे एका जजने शेवटचा नंबर दिला म्हणून सगळं बुडत नाही. निकालाची शीट मात्र तिथल्या तिथे पार्टनरशी वाद घालत वाचू नका, दुसऱ्या दिवशी कोचला सोबत घेऊन बसा.