वेबपानावरचे भाव उचलताना बिंदू-तारा आवरा

गुलटेकडीच्या मार्केट यार्डातले कांदा-बटाट्याचे भाव एखाद्या वेबपानावरून रोज एक्सेलमध्ये घ्यायचे असतील, तर रेग्युलर एक्स्प्रेशनने (रेजेक्सने, म्हणजे मजकुरातला ठरावीक नमुना शोधणाऱ्या सूत्राने) काम झटपट होतं. पण दोन टॅगांच्या (पानाच्या कोडमधल्या < > अशा कंसांतल्या खुणांच्या) मध्ये नुसतं .* (बिंदू-तारा, म्हणजे कोणतीही, कितीही अक्षरं) लिहू नका. ते हावरट असतं: ओळीतल्या पहिल्या रकान्यापासून थेट शेवटच्या रकान्यापर्यंत सगळं गिळतं. .*? लिहिलं की पहिल्याच बंद टॅगपाशी थांबतं. मला त्याहून [^<]* जास्त भरवशाचं वाटतं. पुढचा टॅग सुरू होईपर्यंतचंच घे, असा त्याचा सरळ अर्थ. शिवाय मजकूर दोन ओळींत मोडलेला असला तरी चालतं. (एरवी बिंदू नवी ओळ ओलांडत नाही.)

मराठी पानांवर खरी फसगत वेगळीच होते. पायथन या प्रोग्रामिंग भाषेच्या नेहमीच्या री मॉड्यूलमधला, अक्षरं पकडणारा बॅकस्लॅश-डब्ल्यू (\w) काना, मात्रा, अनुस्वार यांना अक्षर मानतच नाही, त्यामुळे ‘कांदा’ हा शब्द ‘क’वरच तुटतो. त्याऐवजी चौकोनी कंसात युनिकोडमधला देवनागरीचा ०९०० ते ०९७एफ हा पट्टा द्या. अंकांसाठीचा बॅकस्लॅश-डी पायथन ३ मध्ये ‘१८००’ बरोबर पकडतो, जावास्क्रिप्टमध्ये पकडत नाही. तिथे [०-९] वेगळं लिहावं लागतं. आणि ‘१,८००’मधला स्वल्पविराम आधी काढा.

तक्त्याच्या पोटात तक्ता असेल, तर मात्र रेजेक्सच्या नादी लागू नका. ब्यूटिफुल सूप या पायथनच्या लायब्ररीने आधी रकाने सुटे करा आणि रेजेक्स फक्त आतल्या मजकुरावर चालवा.