बिनकाट्याची ब्लॅकबेरी लावताय? मग कुठली घ्यायची ते आधी ठरवा

करवंदं काढताना हात ओरबाडून घेतलेल्यांना काट्यांचं काय ते सांगायला नको, पण इथे न्यू जर्सीत घरामागे बिनकाट्याची ब्लॅकबेरी मस्त येते, फक्त नर्सरीत गेल्यावर दिसेल ते रोप उचलू नका.

पहिलं बघा जागा किती आहे. जागा कमी असेल तर सरळ उभी वाढणारी नावाहो किंवा वॉशिटा (Ouachita) घ्या, दोन्ही अर्कान्सा युनिव्हर्सिटीने काढलेल्या जाती, तीन फुटांवर एक रोप पुरतं. नावाहोचं फळ लहान पण गोडीला तोड नाही. कुंपणाकडेला लांब जागा असेल तर माझं मत सरळ ट्रिपल क्राऊनला, फळ मोठं, रसाळ आणि भरपूर, पण फांद्या लोळतात म्हणून दोन खांब ठोकून तारा ओढाव्याच लागतात आणि रोपांत पाच-सहा फूट सोडायचे. थंडी फारच कडक असेल तर चेस्टर, ती जास्त सोसते.

एकच रोप लावलं तरी फळ धरतं, जोडीला दुसरं लागत नाही. या चारही जातींना फळ येतं ते गेल्या वर्षीच्या फांदीवर, त्यामुळे पहिल्या वर्षी काही आलं नाही म्हणून नव्या फांद्या छाटून टाकू नका हं, फळ देऊन झालेली फांदी मात्र बुडापासून कापायची.

आणि तोडायची घाई नको, काळी चकचकीत दिसते तेव्हा अजून आंबटच असते, चकाकी जाऊन जरा मंद काळी झाली आणि हात लावताच सुटली की खरी गोड, कारण तोडल्यावर ती पिकत नाही.