ब्राउझरमधील कोणती स्क्रीन डेस्कटॉपसारखी ठेवावी आणि कोणती वेबसारखी

हिशेबाचे किंवा मालसाठ्याचे डेस्कटॉप सॉफ्टवेअर ब्राउझरमध्ये आणायचे ठरले की ते बनवणाऱ्यांत लगेच दोन मते पडतात. मेनूपट्टी, टूलबार, एकावर एक उघडणाऱ्या खिडक्या हे सारे जसेच्या तसे ठेवावे, कारण लोकांचा हात त्यावर बसलेला आहे, असे एका बाजूचे म्हणणे असते. दुसऱ्या बाजूला मोकळी जागा, मोठी बटणे आणि प्रत्येक गोष्टीला वेगळे पान हवे असते. हा प्रश्न संपूर्ण अ‍ॅप्लिकेशनसाठी एकदाच सोडवायला बसू नये. त्याचे उत्तर प्रत्येक स्क्रीनसाठी वेगळे निघते आणि ते तसे निघू द्यावे.

त्यासाठी आधी सर्व स्क्रीनची यादी करावी आणि प्रत्येकीपुढे दोन प्रश्नांची उत्तरे लिहावीत. तोच माणूस हे काम दिवसभर पुन्हा पुन्हा करतो का? स्क्रीनवर दिसणारी गोष्ट त्याला दुसऱ्या कोणाला पाठवावी लागते का? व्हाउचरची नोंद करणाऱ्याला दाट मांडणी आणि पूर्णपणे कीबोर्डवर चालणारे काम हवे असते, म्हणून ती स्क्रीन डेस्कटॉपच्या वळणाची असावी. खातेउतारा, बिल, थकबाकीचा अहवाल या गोष्टी शोधायच्या, वाचायच्या आणि पाठवायच्या असतात. त्या वेबच्या पद्धतीने मांडाव्यात. दोन्ही उत्तरे ‘होय’ अशी आली, तर गूगल डॉक्सची रचना बारकाईने पाहावी. तेथे फाइल, एडिट अशी जुनी मेनूपट्टी आहे, पण प्रत्येक दस्तऐवजाला स्वतःचा यूआरएल, म्हणजे वेबपत्ता, आहे आणि मजकूर आपोआप जतन होतो.

स्क्रीन कोणत्याही वळणाची असो, ब्राउझरने वापरणाऱ्याला दिलेल्या सोयी मोडू नयेत. डेस्कटॉपची हुबेहूब नक्कल करताना त्यांचाच पहिला बळी जातो. प्रत्येक बिल, प्रत्येक खाते आणि अहवालावर लावलेली तारखेची गाळणी (फिल्टर) यूआरएलमध्ये उतरली पाहिजे. पान पुन्हा न आणता हे करण्यासाठी ब्राउझरमध्ये पुशस्टेटची सोय आहे. बिल उघडावे, यूआरएल उचलून सहकाऱ्याला पाठवावा आणि त्याच्याकडे तेच बिल उघडते का ते पाहावे. मग बॅक बटण दाबावे. यादी त्याच गाळणीसह, त्याच ओळीवर परत आली पाहिजे. यादीतील नोंदी खऱ्या लिंक असाव्यात. नुसत्या चौकटीला क्लिक जोडून भागवले, तर कंट्रोल दाबून दोन खाती दोन टॅबमध्ये उघडता येत नाहीत आणि ती शेजारी ठेवून ताडून पाहण्याची सोय जाते. जुन्या सॉफ्टवेअरमध्ये आतल्या खिडक्या ज्या कामासाठी होत्या, ते काम आता टॅब करतात. म्हणून पानाच्या आत सरकणाऱ्या खिडक्या बनवू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. 1366 बाय 768 च्या लॅपटॉपवर टास्कबार आणि ब्राउझरच्या पट्ट्या वजा जाता जी उंची उरते, ती त्या खिडक्यांच्या शीर्षकपट्ट्यांवर खर्च करणे परवडत नाही.

सर्वांत अधिक विचार कीबोर्डचा करावा लागतो. टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरवर काम केलेल्या माणसाचे बोट पेमेंट व्हाउचरसाठी एफ5 कडे जाते, पण ब्राउझरमध्ये त्याच कळीने पान पुन्हा लोड होते आणि अर्धी भरलेली नोंद नाहीशी होते. टॅलीत कंट्रोल ए ने व्हाउचर स्वीकारले जाते, तर ब्राउझरमध्ये सगळा मजकूर निवडला जातो. ऑल्ट डी ने टॅलीत व्हाउचर खोडले जाते; विंडोजवरील क्रोम आणि फायरफॉक्समध्ये कर्सर यूआरएलच्या पट्टीत जातो. यातील बऱ्याचशा कळी कोडने अडवता येतात, पण क्रोमच्या साध्या टॅबमध्ये कंट्रोल डब्ल्यू, कंट्रोल टी आणि कंट्रोल एन पानाच्या हाती लागत नाहीत, त्यामुळे त्यांवर कोणतेही काम ठेवू नये. इतर कळी अडवायच्याच असतील तर फक्त नोंदीच्या स्क्रीनवर आणि कर्सर त्या फॉर्ममध्ये असतानाच अडवाव्यात. अहवालाच्या स्क्रीनवर एफ5 ने पान ताजेच झाले पाहिजे. जीमेलमध्ये शॉर्टकट सुरू असताना प्रश्नचिन्ह दाबले की त्यांची यादी समोर येते, तशी सोय आपणही द्यावी.

मराठीत टंकन करणाऱ्यांसाठी येथे आणखी एक काळजी घ्यावी लागते. इनस्क्रिप्ट ही भारतीय लिपींची कीबोर्ड-मांडणी चालू असताना इंग्रजी जे च्या कळीवर ‘र’ येतो आणि के च्या कळीवर ‘क’. प्रोग्रॅम जर उमटलेले अक्षर तपासत असेल, तर जे आणि के वर ठेवलेले शॉर्टकट चालेनासे होतात, म्हणून दाबलेल्या कळीची कीबोर्डवरील जागा सांगणारा ‘code’ हा गुणधर्म तपासावा. एंटर दाबून पुढच्या रकान्यात जाण्याची सवय हिशेबनिसांमध्ये पक्की असते, पण साध्या एचटीएमएल फॉर्ममध्ये एंटरने फॉर्मच सादर होतो. नोंदीच्या स्क्रीनवर हे वर्तन बदलावे. मात्र काही टंकन साधनांत शब्द पक्का करण्यासाठीही एंटरच दाबतात, त्यामुळे शब्द अर्धवट असताना रकाना बदलू नये. शब्द अजून पक्का व्हायचा आहे का हे सांगणारा इज-कंपोजिंग (isComposing) हा गुणधर्म त्यासाठीच आहे.

नोंदींच्या जाळीत, म्हणजे ओळी-रकान्यांच्या तक्त्यात, टॅब कळीने एकदाच शिरता यावे आणि आत बाणांच्या कळींनी फिरता यावे. अंध वापरणाऱ्यांच्या स्क्रीन रीडरला ती जाळी कळण्यासाठी एरिया (ARIA) या सुगम्यतेच्या वेब-मानकातील ग्रिड ही भूमिका द्यावी. ओळी दाट असाव्यात, पण उंची पिक्सेलमध्ये जखडू नये. लॅटिन अक्षरांसाठी बेतलेल्या घट्ट ओळीत ‘मूर्ती’ या शब्दाचा वरचा रफार आणि खालचा ऊकार दोन्ही कापले जातात. किमान उंची द्यावी, ओळीतील अंतर दीडपट ठेवावे आणि जोडाक्षरे असलेली खरी नावे घालून तपासावे. हजारो ओळींपैकी दिसतात तेवढ्याच पानावर ठेवण्याचे तंत्र वापरले असेल, तर कंट्रोल एफ ला उरलेल्या ओळी सापडत नाहीत. अशा वेळी स्वतःचा शोध द्यावा किंवा यादीची पाने पाडावीत.

जतन करण्याबाबत दोन्ही पद्धतींतून घ्यावे लागते. भरत असलेली नोंद मसुदा म्हणून आपोआप साठवावी, पण ती खात्यात चढवण्याचे बटण वेगळे आणि स्पष्ट असावे, कारण खातेवहीत काय जाते यावर माणसाचा जाणीवपूर्वक निर्णय हवा. मसुदा साठवायचा राहिला असेल तेव्हाच पान सोडताना इशारा द्यावा. प्रत्येक वेळी तो येऊ लागला की लोक न वाचताच होकार देतात.

मोबाइलवर वाचनाच्या स्क्रीन 320 पिक्सेल रुंदीतही आडव्या न सरकवता वाचता आल्या पाहिजेत. वेबच्या सुगम्यतेच्या डब्ल्यूसीएजी (WCAG) या आंतरराष्ट्रीय निकषांतही हीच रुंदी धरली आहे. नोंदीची जाळी मात्र तेवढ्या जागेत कोंबू नये. त्याऐवजी एका वेळी एकच पावती भरता येईल असा साधा फॉर्म वेगळा द्यावा.

चाचणीसाठी रोज नोंदी करणाऱ्या व्यक्तीला बोलवावे, माउस काढून ठेवावा आणि जुन्या बिलांचा गठ्ठा तिच्या पुढ्यात द्यावा. तिचा हात कोठे थांबतो ते टिपून घ्यावे. दुसऱ्या कोणाला तरी व्हॉट्सअ‍ॅपवर एका बिलाची लिंक पाठवावी आणि लॉगिन केल्यानंतर तो थेट त्या बिलावर पोहोचतो की मुखपृष्ठावर, ते पाहावे. मुखपृष्ठावर पोहोचत असेल, तर मूळ यूआरएल लॉगिनच्या टप्प्यात हरवलेला असतो. सुधारणेला तेथूनच सुरुवात करावी.