मांजराचे डोळे आल्यास काय करावे

सोलापुरात एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीपार जातो, कोरड्या वाऱ्याबरोबर धूळ घरात येते आणि यंत्रमागांच्या वस्तीत सुताचे बारीक तंतू हवेत तरंगत असतात. त्यामुळे मांजराच्या डोळ्यातून पाणी आले म्हणजे संसर्गच झाला, असे नाही. पाणी स्वच्छ असेल, डोळा पूर्ण उघडा असेल आणि पुसल्यावर दिवसभरात त्रास थांबला, तर ती बहुधा धुळीची चुरचुर असते. पिवळट-हिरवी चिपडे, लालसर सूज आणि सोबत शिंका असतील, तर मात्र संसर्गाची शंका घ्यावी. मांजरांमध्ये तो बहुतेकदा हर्पिस विषाणूमुळे किंवा क्लॅमिडिया जिवाणूमुळे होतो. हर्पिसचा विषाणू शरीरात कायम दडून राहतो आणि घर बदलणे, नवे मांजर येणे अशा ताणाच्या वेळी पुन्हा डोके वर काढतो.

प्रथम हात न लावता, उजेडात समोरून पाहावे. मांजर डोळा अर्धवट मिटून धरत असेल, बुबुळावर निळसर-पांढुरकी झाक दिसत असेल किंवा दोन्ही बाहुल्या लहानमोठ्या असतील, तर घरगुती उपाय न करता त्याच दिवशी पशुवैद्यांकडे न्यावे. पिल्लांचे डोळे साधारण 7 ते 14 दिवसांत उघडतात. त्याआधीच मिटलेल्या पापण्या फुगलेल्या दिसल्या, तर आत पू साचलेला असू शकतो आणि तिथे एक दिवसाचा उशीरही महागात पडतो.

बाकी वेळी स्वच्छता करावी. हात धुऊन मांजराला टॉवेलमध्ये असे गुंडाळावे, की फक्त डोके बाहेर राहील. मेडिकलमधील सलाइन उत्तम. ते नसल्यास पाव लिटर उकळून कोमट केलेल्या पाण्यात अर्धा छोटा चमचा मीठ विरघळवून रोज ताजे वापरावे. कापसाचे धागे डोळ्यात राहतात, म्हणून गॉझ घ्यावा. वाळलेले चिपड नखाने खरवडू नये; ओला गॉझ त्यावर अर्धा मिनिट धरल्यास ते आपोआप सुटते. नाकाकडील कोपऱ्यातून बाहेर एकदाच पुसून तो तुकडा टाकून द्यावा आणि दुसऱ्या डोळ्यासाठी नवा घ्यावा.

घरात उरलेले माणसांचे ड्रॉप्स घालू नयेत, हे सर्वांत महत्त्वाचे. त्यांत डेक्सामेथासोनसारखे स्टिरॉइड असू शकते; बुबुळावर जखम असेल तर ती त्याने चिघळते, क्वचित बुबुळाला छिद्रही पडते. म्हणूनच डॉक्टर आधी डोळ्यात रंगद्रव्य घालतात आणि निळ्या प्रकाशात जखम हिरवी चमकते का, ते पाहतात. दूध, मध, गुलाबपाणी, काजळ यांपैकी काहीही चालत नाही. वेदनेसाठी पॅरासिटामॉल तर कधीच देऊ नये, ते मांजरासाठी प्राणघातक आहे.

डॉक्टरांनी दिलेले ड्रॉप्स मागच्या बाजूने हात आणून घालावेत, म्हणजे मांजर बाटली पाहून बिथरत नाही. बाटलीचे टोक डोळ्याला टेकू देऊ नये आणि दोन औषधांत पाच मिनिटे जाऊ द्यावीत. डॉक्सिसायक्लिनची गोळी लिहून दिली असल्यास ती अन्ननलिकेत अडकून जखम करू शकते, म्हणून लगेच थोडे पाणी पाजावे किंवा ओले खाणे द्यावे. डोळा बरा दिसला तरी डॉक्टरांनी सांगितलेले दिवस पूर्ण करावेत.

घरात आणखी मांजरे असतील, तर आजारी मांजराची भांडी व अंथरूण वेगळे ठेवावे, निरोगी मांजरांचे खाणेपिणे आधी उरकावे आणि आजाऱ्याकडे शेवटी जाऊन हात साबणाने धुवावेत.