लाईन जात होती तरी हार्डडिस्क वाचली
आमच्या दारव्ह्याकडं लाईनचा भरवसा नाही, त्यात माझी जुनी ५०० जीबीची हार्डडिस्क टकटक वाजायला लागली. दहा वर्षं जमवलेलं सगळं तिच्यात, डेबियन या लिनक्सच्या आयएसओ (इन्स्टॉल करायच्या फाईली), प्रोग्रॅमच्या सोर्स कोडचे टारबॉल (गठ्ठे), अन् मी मराठीत लिहिलेल्या टिपा, त्या तर दुसरीकडं कुठंच नव्हत्या. आधी सरळ कॉपी-पेस्ट मारलं, ते खराब सेक्टरवर, म्हणजे डिस्कच्या न वाचता येणाऱ्या जागेवर, अडकून बसलं, ही चूकच होती. मग डिस्क माउंट न करता, म्हणजे फाईली वापरायला न जोडता, तिची हुबेहूब नक्कल (इमेज) काढायला ग्नू डीडीरेस्क्यू हा प्रोग्रॅम लावला. हे आधी चांगला भाग पटापट उचलतं, खराब जागा मागाहून खरवडतं, अन् कुठवर आलो ते मॅपफाईल नावाच्या नोंदीच्या फाईलमध्ये लिहीत राहतं, म्हणून लाईन तीनदा गेली तरी तीच कमांड परत दिली की तिथूनच पुढं सुरू. मॅपफाईल मात्र चांगल्या डिस्कवरच ठेवा.
रात्री बाबा ओलिताला निघाले, म्हणाले, "अजून जागाच हायेस का बे?"
फाईलसिस्टिम तपासून दुरुस्त करणारं एफएससीके (fsck) मूळ डिस्कवर नाही, इमेजच्या कॉपीवर चालवलं. डेबियनच्या आयएसओचे शा-२५६ (फाईल बिघडली का ते सांगणारे आकडे) जुळवून पाहिले तर दोन बिघडलेल्या निघाल्या, त्या परत उतरवता येतात. टिपा सगळ्या उघडल्या, पहिल्या दिवशीची गिटवरची (कोडमधले बदल जपणाऱ्या प्रोग्रॅमवरची) सुद्धा. आता त्या दोन पेनड्राईव्हवर आहेत, एक मामाकडं यवतमाळला.