प्लेअर घ्यायला जाताना घरची डिस्क सोबत न्या

कानबाईच्या रोटांचं, भाचीच्या हळदी-लग्नाचं चित्रण घरीच डिस्कवर उतरवलं असेल, तर जळगाव-धुळ्याच्या दुकानात डीव्हीडी प्लेअर बघायला जाताना तीच डिस्क पिशवीत टाका. दुकानदार छापील सिनेमा लावून दाखवतो. तो कुठल्याही प्लेअरवर चालतो, त्यावरून काही कळत नाही. घरी बर्न केलेली डिस्क कमी प्रकाश परावर्तित करते, रीरायटेबल (पुसून पुन्हा लिहिता येणारी) तर आणखीच कमी, त्यामुळे लेन्स तिथेच अडखळते.

डिस्क लावून थेट शेवटच्या दहा मिनिटांवर जा. डिस्क आतून बाहेर वाचली जाते आणि अडकणं बहुधा बाहेरच्या कडेलाच होतं. म्हणजे नेमकी पाठवणी! मात्र बर्न करताना ‘फायनलाइज’ केलं नसेल, म्हणजे इतर प्लेअरवर चालण्यासाठी डिस्क शेवटी बंद केली नसेल, तर प्लेअरला बोल लावू नका.

खोक्यावर ‘डीव्हीडी-आर’ आणि ‘डीव्हीडी+आर’ दोन्ही लिहिलेलं हवं; घरी बर्न करायच्या डिस्कचे हे दोन प्रकार. डिस्कवर एव्हीआय प्रकारच्या व्हिडिओ फायली असतील तर ‘डिव्हएक्स’ही; तशा फायली बहुधा त्याच पद्धतीने दाबलेल्या असतात. रीजन कोडची (डिस्क कुठल्या देशांतल्या प्लेअरवर चालेल ते ठरवणाऱ्या आकड्याची) चिंता सोडा, घरच्या डिस्कला तो नसतोच. टीव्ही जुना असेल तर प्लेअरच्या मागे पिवळी-लाल-पांढरी पिन लावायची जागा आहे ना, तेवढं बघा. यूएसबी असेल तर दोनेकशे रुपये जास्त गेले तरी माझ्या मते घ्यावंच.