उंचावरच्या नवजात बाळाचा ऑक्सिजन कसा मोजावा

लेह सुमारे 3500 मीटर उंचीवर आहे. तिथल्या हवेतही ऑक्सिजन 21 टक्केच असतो, पण हवेचा दाब समुद्रसपाटीच्या 760 मिमी पाऱ्यावरून 500 च्या आसपास उतरलेला असतो. पल्स ऑक्सिमीटर हे यंत्र रक्तातले किती टक्के हिमोग्लोबिन ऑक्सिजनने भरले आहे ते दाखवते. दाब कमी म्हणूनच मुंबईत डॉक्टरांना दचकवणारा 89 टक्के हा आकडा तिथल्या ठणठणीत बाळातही दिसू शकतो. अर्थात तो 89 खरा असला तर. निम्मी भानगड मोजण्यातच होते.

बाळ 24 तासांचे झाल्यावर मोजा. त्याआधी फुप्फुसांतला रक्तदाब उतरत असतो आणि आकडा खालीवर होतो. त्रास दिसत असेल तर मात्र घड्याळ न बघता लगेच मोजा. बाळ उबदार, शांत, शक्यतो जागे असावे. रडताना किंवा अंगावर पिताना घेतलेले वाचन धरू नका. नळीने ऑक्सिजन चालू असेल तर ते वाचन ‘सामान्य’ ठरवायला उपयोगाचे नाही.

प्रोब, म्हणजे यंत्राचा दिवा आणि संवेदक असलेली पट्टी, नवजातांचाच, गुंडाळायचा घ्या. मोठ्यांच्या बोटाचा चिमटा बाळाला बसत नाही आणि कडेने उजेड शिरून भलताच आकडा येतो. आधी उजवा तळहात: करंगळीच्या बाजूच्या कडेला प्रोब असा गुंडाळा, की दिवा आणि संवेदक बरोबर समोरासमोर येतील. मग कोणताही एक पाय, करंगळीखालची बाहेरची कड. पट्टी घट्ट आवळली तर रक्त अडते, सैल राहिली तर उजेड शिरतो. वरून दुपट्याची घडी टाका. कावीळ उतरवायचे निळे दिवे चालू असतील तर हे विसरू नकाच. त्याच हातापायाला रक्तदाबाचा पट्टा नको.

पडद्यावरची नाडी स्टेथोस्कोपने मोजलेल्या ठोक्यांशी जुळली पाहिजे. ती जुळत नसेल तर ऑक्सिजनचा आकडाही सोडून द्या. पडद्यावर नाडीच्या लाटा एकसारख्या येऊ लागल्या की मिनिटभर थांबून स्थिरावलेला आकडा लिहा, मधेच चमकलेला सर्वांत मोठा नव्हे. लडाखच्या थंडीत नेहमीचे दुखणे म्हणजे गार पाय: आधी पायमोजा घाला, पाय उबवा, मग ऑक्सिजन मोजा. बंद खोलीत बुखारीचा (खोली तापवायच्या शेगडीचा) धूर कोंडला असेल तर उलटी फसगत होते. कार्बन मोनॉक्साइड चिकटलेले हिमोग्लोबिन यंत्राला ऑक्सिजनयुक्तच वाटते आणि आकडा खोटाच चांगला येतो.

आकड्याशेजारी उंची, बाळाचे वय तासांत, हात की पाय, जागे की झोपलेले, हे सगळे लिहा. झोपेने किती फरक पडतो ते तिबेटमधल्या ल्हासात (3658 मीटर) दिसले. 1995 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात चार महिन्यांच्या हान (चिनी वंशाच्या) बाळांची सरासरी जागेपणी 85 आणि शांत झोपेत 76 होती. तिबेटी बाळांची 88 आणि 86. म्हणजे पहिल्या दोन दिवसांत जागेपणी आलेला चांगला आकडा पुढे झोपेत टिकेलच असे नाही. आठवड्याभराने, झोपेतही, पुन्हा मोजा.

हृदयदोषाच्या तपासणीत समुद्रसपाटीला हात आणि पाय दोन्हीकडे 95 किंवा अधिक, आणि फरक 3 पेक्षा जास्त नाही, तर बाळ पास. हा 95 लेहला तसाच लावला तर अनेक निरोगी बाळे नापास होतील. हातापायातला फरक मात्र उंचावरही दुर्लक्षिण्यासारखा नाही. 2500 मीटरच्या वर मुलांमध्ये 87 किंवा कमी असेल तर ऑक्सिजन देण्याचा विचार करावा, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. पण बाळ निळसर दिसत असेल, कण्हत असेल, छाती आत ओढत असेल किंवा पीत नसेल, तर आकडा कितीही असो, डॉक्टरांना लगेच बोलवा. ‘इथे असेच असते’ म्हणून थांबणे सर्वांत घातक.

आपल्या गावची सामान्य मर्यादा ठरवायची असेल तर पूर्ण दिवसांची, निरोगी किमान 120 बाळे घ्या. वयोगट आणि झोप-जाग यांचे वेगळे तक्ते करा. खालची सीमा 2.5 व्या शतमकावरून काढा, म्हणजे ज्याच्या खाली फक्त 2.5 टक्के बाळे येतात तो आकडा. सरासरीतून दोन प्रमाण विचलने (आकडे सरासरीभोवती किती पसरले आहेत त्याचे माप) वजा करू नका. हे आकडे खालच्या बाजूला लांबट पसरतात, त्यामुळे ती सीमा चुकते.